हवालदाराची दुर्बीण

धुळ्याच्या देवपुरातल्या रुपचंद हवालदारांना कोणाचंच काही पटत नसे. चोवीस वर्षं त्यांनी फौजेत बंदुका खोलल्या, पुसल्या, जोडल्या. निवृत्त होऊन धुळ्याला परतले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या गावात कोणाला धड एक पेच आवळता येत नाही. सायकलवाला चाकाच्या तारा वाकड्या ताणतो, सुतार दाराला बिजागरी उलटी लावतो, आणि नळ दुरुस्त करायला येणारा माणूस नळापेक्षा जास्त गळतो. पण एक खरं, तुच्छतेच्या बाबतीत त्यांनी कधी पक्षपात केला नाही. डॉक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी एकाच मापानं मोजलं.

त्यांचा एकच शौक होता, छऱ्याची बंदूक. नळी मोडून आत छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. आतली स्प्रिंग सुटते, दट्ट्या हवा ढकलतो, छर्रा निघतो. फौजेतल्या माणसाला हे खेळणंच. पण दर एक मे रोजी देवपुरातलं एक मंडळ शाळेच्या मैदानावर या खेळण्याची स्पर्धा भरवी. दोऱ्यांना दहा सुपाऱ्या टांगलेल्या, वीस पावलांवरून दहा छऱ्यांत जितक्या उडतील तितक्या उडवायच्या. बंदूक आपली आपण आणायची, वर दुर्बीण लावली तरी हरकत नाही. पहिली चार वर्षं हवालदारांनी नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर, म्हणजे नेमाच्या बारीक खुंटीवर, डोळा लावून बक्षीस घरी नेलं, आणि दुर्बीण लावून येणाऱ्यांकडे, म्हातारपणी लंगोट लावून आखाड्यात उतरणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

पाचव्या वर्षी, म्हणजे एक्याण्णव साली, त्यांच्या फक्त पाच सुपाऱ्या उडाल्या. बँकेतल्या पितांबरनं नऊ उडवल्या. पितांबर तिशीतला, जाड चष्म्याचा, बोलताना आधी स्वतःच हसणारा माणूस. त्याच्या बंदुकीवर वीतभर लांबीची दुर्बीण होती.

"चष्म्यावर चष्मा," हवालदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि घरी निघून गेले.

खरं कारण त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. पन्नाशी ओलांडल्यापासून ती नळीच्या टोकावरची माशी त्यांना फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी पिंजून दिसायला लागली होती. सुपारी दिसे, माशी दिसत नसे. माशीकडे पाहावं तर सुपारी जाई. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. प्रमिलाबाईंना सांगायची गरजच नव्हती. नवरा वर्तमानपत्र हातभर लांब धरतो हे त्या रोज बघत होत्या.

वर्षभर मनाशी झगडून हवालदारांनी दुर्बीण लावायचं ठरवलं. पण पितांबरच्या दुर्बिणीसारखं खेळणं नाही. लावायची तर दुर्बीण म्हणावी अशी.

अशी दुर्बीण कोणाकडे आहे हे त्यांना माहीत होतं. जळगावजवळ नशिराबादला भाईदास म्हणून केळीचे बागाईतदार होते. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, शिकारीला बंदी नव्हती त्या काळात सातपुड्यात शिकार केली होती. आबा जाऊन दहा वर्षं झाली होती, पण त्यांची विलायती दुर्बीण मखमलीच्या खोक्यात जपून ठेवलेली होती. भाईदासांच्या परवान्याच्या बंदुकीचा घोडा हवालदारांनी एकदा दुरुस्त करून दिला होता, ती ओळख. भाईदासांनी खोकं हातात दिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "स्पर्धेपुरती न्या, हवालदार. आबांच्या वस्तूंपैकी एवढीच राहिली आहे. तुम्ही कारागीर माणूस, म्हणून देतो."

"मोठ्या बंदुकीचा धक्का सोसलेला माल आहे," हवालदार म्हणाले. "छऱ्याची बंदूक हिला काय करणार? डास चावल्यासारखं."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ती दुर्बीण बंदुकीवर चढवली. दिसायला राजेशाही, पण वजन इतकं की बंदूक पुढून गाढवासारखी मान टाकू लागली. घरामागं पांझरेच्या काठाला पडीक जागा होती. तिथं मातीच्या ढिगापुढं पुठ्ठा उभा करून सकाळी सहाला त्यांचा सराव सुरू झाला. पहिली गोष्ट ही दिसली की वीस पावलांवरचा पुठ्ठा दुर्बिणीतून धुरकट दिसतो. नदीपलीकडच्या देवळाचा कळस मात्र लखलखीत. हवालदारांनी दोष पुठ्ठ्याला दिला. दुसरी गोष्ट, डोळा जरा इकडचा तिकडे झाला की आतल्या दोन तारांची फुली पुठ्ठ्यावरून सरकते. तिचा दोष त्यांनी सकाळच्या उन्हाला दिला. तिसऱ्या दिवशी छर्रे डावीकडे जायला लागले, चौथ्या दिवशी खाली. दर दहा-बारा छऱ्यांनी दुर्बीण पकडीतून बोटभर मागं सरके. ते पेच आवळीत, ती पुन्हा सरके. पाचव्या दिवशी चाप ओढला, ठक्‌ आवाज झाला, आणि डोळ्यासमोरची उभी तार तुटून ताटात पडलेल्या केसासारखी आत लोंबू लागली.

हवालदारांनी बंदूक काखेत मारली. ते घरी आले आणि पोस्टकार्ड लिहायला बसले. अक्षर त्यांचं सुंदर होतं. त्यांनी भाईदासांना कळवलं की तुमच्या वडिलांची दुर्बीण मुळातच कुचकामी होती, कोणा लबाड व्यापाऱ्यानं त्यांच्या गळ्यात मारली असावी, आणि ती लावून त्यांनी शिकार केली असेल तर सातपुड्यातली जनावरं सुखात नांदली असतील. त्याच पावली त्यांनी कार्ड पेटीत टाकलं, विचार बदलायला वेळ नको म्हणून.

चैत्री पुनवेला एकविरादेवीची जत्रा भरली. प्रमिलाबाईंनी हट्टानं त्यांना नेलं. पाळणे, बांगड्या, उसाचा रस, सगळ्यांची टर उडवत हवालदार चालले होते. फुग्यांवर छर्रे मारायच्या एका दुकानापुढं बायको थांबली. फळीवर रंगीत फुगे लावलेले, पुढं बाकावर सहा जुन्या बंदुका, आणि मागं डोक्यावर पदर घेतलेली, पन्नाशीची, काटक बाई उभी. द्रौपदाबाई तिचं नाव. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती एकटीच हे दुकान जत्रेजत्रेला फिरवत होती.

हवालदारांनी एक बंदूक उचलली, नळीत डोकावले आणि खाली ठेवली. "भंगार," ते म्हणाले.

"मारीसन तं पाहा," द्रौपदाबाई म्हणाली.

त्यांनी दुसरी घेतली, फौजेतल्यासारखी खांद्यात घट्ट रोवली, पुढचा हात मुठीत आवळला आणि मारला. फुगा तसाच राहिला. आणखी दोन मारले. दोन्ही वाया.

"भाऊ, इतलं आवळू नका तिले," ती शांतपणे म्हणाली. "ती काय चोर शे का? नुसती हातवर ठेवा. आवळी की ती बिथरस."

"मला शिकवता? चोवीस वर्षं बंदुकाच हाताळल्या मी."

"त्या मोठ्या. हाई येगळी."

प्रमिलाबाईंना तेवढ्यात बोलायची बुद्धी झाली. "यासनी दुर्बीण बी तुटी गयी परवादिन," त्या म्हणाल्या. "मोठ्या बंदूकनी व्हती. नशिराबादथीन मांगी आनेल."

द्रौपदाबाईनं हवालदारांकडे प्रथमच नीट पाहिलं. त्या नजरेत कीव नव्हती. चुकीच्या बसमध्ये चढणाऱ्या शहाण्या माणसाकडे कंडक्टर बघतो, तसं ती बघत होती.

"मंग ती तुटनारच," ती म्हणाली. "मोठी बंदूक फक्त मांगे धक्का देस. हाई आधी मांगे जास, मंग पुढे झटका मारस. दोन्ही बाजूथीन मार. मोठ्या दुर्बीनले एकाच बाजूनी सवय. मना घरवाला अश्याच दोन तोडी बसना व्हता."

"बंदूक पुढं झटका मारते म्हणे," हवालदार बायकोला म्हणाले आणि चालू लागले. जत्रेतली फुगेवाली आता फौजेच्या बंदूक-कारागिराला बंदूक समजावणार. घरी पोचेपर्यंत ते त्याच विषयावर बोलत होते, आणि बोलता बोलता मध्येच गप्प झाले.

कारण बंदूक त्यांनी आतून पाहिलेली होती. स्प्रिंग सुटते, जड दट्ट्या पुढं धावतो. म्हणजे बंदूक मागं जाणार. मग दट्ट्या नळीच्या तोंडाशी जाऊन आपटतो. आपटला की सगळ्या बंदुकीला बरोबर पुढं ओढणार. यात न समजण्यासारखं काय होतं? शेकडो वेळा त्यांनी तो दट्ट्या हातात धरला होता, आणि हा साधा विचार त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. सकाळी स्वयंपाकघरातून दोन लाटणी आणली, ओट्यावर आडवी ठेवली, त्यांच्यावर बंदूक ठेवली, चापाला दोरी बांधली आणि लांबून ओढली. लाटणी जराशी मागं फिरली आणि लगेच अशी पुढं उसळली की बंदूक ओट्यावरून घसरून परातीतल्या पिठात पडली.

प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. "ती बाईनं खरं निंघनं," त्या म्हणाल्या आणि परात उचलून घेऊन गेल्या.

हवालदार तिथंच पाटावर बसले. दुर्बिणीचं त्यांना एवढं वाटलं नाही, जेवढं त्या पोस्टकार्डाचं वाटलं. शब्द न शब्द आठवत होता. सातपुड्यातली जनावरं सुखात नांदली असतील. लिहिताना हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

दुपारी, जत्रेत गर्दी नसताना, ते एकटेच फुग्यांच्या दुकानावर गेले. द्रौपदाबाई फुगे फुगवत बसली होती. तिनं फुग्याला गाठ मारली, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. त्याला गाठ मारून झाली तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

"काल तं नावे ठेई गयात," ती म्हणाली. "आज काय?"

"दुर्बीण घ्यायची आहे," हवालदार म्हणाले. हे शब्द गंजलेला पेच फिरवल्यासारखे निघाले. "वीस पावलांवर सुपारी मारायची आहे. कोणती घ्यावी?"

एक माणूस दोन छर्रे मारून गेला तोवर तिनं त्यांना उन्हात उभं ठेवलं. मग मात्र तिनं काही हातचं राखलं नाही. बोलता बोलता एका बंदुकीचे पेच आवळत होती, तेही न बघता. म्हणाली, मोठ्या बंदुकीची दुर्बीण लांबचं साफ दाखवते आणि जवळचं धुकं करते. तुम्हाला मारायचंय वीस पावलांवर. मग तेवढ्यावरचं साफ दिसलं पाहिजे, देवळाचा कळस काय कामाचा. वस्तू चौपट मोठी दिसली की पुष्कळ झालं, त्याहून मोठी केली की सुपारीबरोबर आपल्या हाताचा कापही मोठा दिसतो. वजन कमी पाहिजे, कारण जड वस्तू जास्त आपटते. दुकानदाराला विचारायचं, ही छऱ्याच्या बंदुकीसाठी बनवलेली आहे का, आणि तो हो म्हणाला तर कागदावर छापलेलं दाखव म्हणायचं.

"आन डोळा हालाडी पाहा," ती म्हणाली. "आतली फुली जागावर ऱ्हायनी तं ठीक. हालनी तं ठेई द्या. पकडले खालथीन खिळा पाहिजे, बंदूकना खाचमा बसनारा, नहीतं ती सरकस. आन दुकानदार जी पह्यले दखाडी, ती लेऊ नका."

हवालदार जायला वळले. आभार मानायची सवय नव्हती. दोन पावलं गेल्यावर त्यांनी मागं न बघता विचारलं, "तुमच्या मालकांनी दोन तोडल्या म्हणालात. मग तिसरी?"

"तिसरी मी आनी," द्रौपदाबाई म्हणाली आणि फुगा तोंडाला लावला.

दोन दिवसांनी ते जळगावच्या एसटीत बसले. मांडीवर बंदूक, पिशवीत मखमलीचं खोकं. जळगावच्या दुकानात काउंटरमागं गुळगुळीत दाढीचा, सोन्याच्या साखळीचा माणूस होता. त्यानं सगळ्यात आधी हातभर लांबीची, पुढं लोट्याएवढ्या तोंडाची दुर्बीण काचेवर ठेवली.

"साहेब, नऊ पट," तो म्हणाला. "जळगावात पाच जणांकडे आहे."

"पाच जणांची फुली तुटलेली असेल," हवालदार म्हणाले.

त्यांनी तरी ती डोळ्याला लावली. समोरच्या भिंतीवर, साधारण पंधरा पावलांवर, बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. तारखा पाण्यात पडल्यासारख्या दिसत होत्या. डोळा जरा हलवला तर फुली सोमवारवरून बुधवारवर गेली.

"लांबचं बघा ना, साहेब. रस्त्यापलीकडचं बघा."

"मला रस्त्यापलीकडं सुपारी मारायची नाही."

दुसरी आली, तिसरी आली. दुकानदार प्रत्येकीचं कौतुक मुलीचं स्थळ दाखवणाऱ्या मध्यस्थासारखं करत होता, आणि हवालदार प्रत्येकीला त्याच कॅलेंडरपुढं उभी करत होते. छऱ्याच्या बंदुकीसाठी आहे का, विचारलं की तो म्हणे, सगळ्याला चालते. छापील कागद मागितला की तो पंख्याकडे बघे. शेवटी वैतागून त्यानं खालच्या खणातून एक आखूड, साधी, काळी नळी काढली आणि काचेवर जवळजवळ फेकली.

"ही छऱ्याचीच. चौपट. पण ही शौकीन माणसाची वस्तू नाही. तुमच्यासारख्या फौजी माणसाच्या बंदुकीवर शोभायची नाही."

हवालदारांनी कॅलेंडर पाहिलं. एकादशी, संकष्टी, खाली छापखान्याचं नाव, सगळं स्वच्छ. डोळा हलवला, फुली मंगळवारवर होती, मंगळवारवरच राहिली. कागदावर छऱ्याच्या बंदुकीचं चित्र छापलेलं होतं. पकडीच्या खाली खिळा होता. त्यांनी ती तिथंच बंदुकीवर चढवली, दुकानामागच्या बोळात वाळूच्या पोत्यावर तीस छर्रे मारले, आणि पोत्यापेक्षा जास्त दुर्बिणीच्या पकडीकडे पाहिलं. ती केसभर हलली नव्हती.

"एवढं मोठं दुकान चालवता," निघताना ते म्हणाले, "आणि चांगली वस्तू खालच्या खणात ठेवता." दुकानदारानं खालचा खण पायानं बंद केला.

तिथून नशिराबादला रिक्षानं गेले. रस्ता सरता सरत नव्हता. भाईदास ओसरीवर बसले होते. पोस्टकार्ड पोचलेलं होतं हे त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. चहा आला, पण भाईदासांनी स्वतः घेतला नाही.

हवालदारांनी खोकं पुढं ठेवलं. "दुर्बीण चांगली होती," ते म्हणाले. "मी तोडली. छऱ्याची बंदूक पुढच्या बाजूलाही धक्का देते, हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. कार्डात लिहिलं ते खोटं."

भाईदासांनी खोकं उघडून पाहिलं. आतली तार लोंबत होती. "आईनं ते कार्ड वाचून घेतलं माझ्याकडून," ते म्हणाले. "दोनदा वाचायला लावलं. आबांची कोणी अशी चेष्टा करील असं तिला खरं वाटेना."

"मी त्यांना सांगतो."

"सांगा."

आत भाईदासांच्या आई, ताईबाई, खाटेवर बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. हवालदार त्यांच्यासमोर उभे राहिले आणि तेच सगळं पुन्हा बोलले, जरा मोठ्यानं, कारण त्यांना कमी ऐकू येई. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू फौजमा काय करे?" तिनं विचारलं.

"बंदुका दुरुस्त करत होतो, अक्का."

"मंग नीट कर ती," ती म्हणाली आणि पाठ फिरवून आडवी झाली.

हवालदारांनी खोकं परत पिशवीत घातलं. भाईदासांनी द्यायचं की नाही याचा थोडा वेळ विचार केला, आणि होकारार्थी मान हलवली. नवी तार कोणाकडे मिळते, ती बसवायला किती बारीक हत्यार लागतं, याचा हिशेब हवालदार परतीच्या एसटीत धुळ्यापर्यंत करत होते.

एक मे रोजी त्यांनी आठ सुपाऱ्या उडवल्या. बंदूक सैल हातावर ठेवली होती, अगदी सांगितलं होतं तशी. पितांबरनं पुन्हा नऊ उडवल्या. दुसरं बक्षीस देताना मंडळाच्या सेक्रेटरीनं माइकवरून जाहीर केलं की हवालदारसाहेबांनी आपल्या फौजी अनुभवानं अचूक दुर्बीण निवडली, तर त्यांनी नवोदितांना चार शब्द सांगावेत.

हवालदारांनी माइक घेतला. समोरच्या खुर्च्यांवर त्यांनी नजर फिरवली. निम्म्या लोकांच्या मांडीवर हातभर लांबीच्या दुर्बिणी होत्या. त्यांनी धक्क्याचं सांगितलं, धुक्याचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं. मग म्हणाले, "फौजी अनुभवानं माझ्या हातून एक दुर्बीण तुटली. हे सगळं मला जत्रेत फुग्यांचं दुकान लावणाऱ्या द्रौपदाबाईंनी सांगितलं."

मैदानात मोठा हशा पिकला. सेक्रेटरी टाळ्या वाजवत म्हणाला, "हवालदारसाहेबांची विनोदबुद्धी बघा." हवालदारांनी माइक त्याच्या हातात दिला. इतकी वर्षं त्यांनी या लोकांना तुच्छ लेखलं होतं ते पेच वाकडे लावतात म्हणून. ते कारण आता त्यांना फारच किरकोळ वाटलं.

सायकलच्या कॅरिअरला बंदूक बांधत असताना पितांबर जवळ आला. तो हसत नव्हता.

"त्या बाई आत्ता कुठं आहेत?" त्यानं हळूच विचारलं.

"का?"

"माझ्या तीन तुटल्या आजवर. ही चौथी. हीपण सरकायला लागली आहे." त्यानं चष्मा काढून पुसला. "घरी कोणाला सांगितलेलं नाही."

हवालदारांनी त्याच्या बंदुकीची पकड बोटानं चाचपून पाहिली. खालून खिळा नव्हता. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलं.

"अमळनेरच्या जत्रेत असतील पुढच्या पंधरवड्यात," ते म्हणाले. "सकाळची पहिली एसटी धरू. आणि तिथं गेल्यावर तू बोलू नकोस. त्या ऐकून घेणार नाहीत."